जुन्या मॉडेल विमानांच्या इलेक्ट्रिक मोटर जमवायच्यात? मग आधी बॅटरी बाजूला ठेवा

पार्सल येतं, खोका फाडतात, मोटर हातात येते आणि पाचव्या मिनिटाला तिला तीन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी लागलेली असते. "फिरते का बघू" एवढंच डोक्यात. वीस-तीस वर्षं कपाटात पडलेल्या मोटरचं सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात होतं. कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, सुकलेला थर असतो, त्याला टेकून वीज देणारे कार्बन (म्हणजेच ब्रश) होल्डरमध्ये अडकलेले असतात, शाफ्ट ज्यात फिरतो त्या बुशमधल्या तेलाचा डिंक झालेला असतो, आणि अशात पूर्ण चार्ज झालेली १२.६ व्होल्टची बॅटरी अशा मोटरवर जिचा जन्मच सहा निकॅड (निकेल-कॅडमियम) सेलसाठी, म्हणजे ७.२ व्होल्टसाठी झालाय. त्यात जुनी निकॅड करंट द्यायला जरा कुरकुर करायची, लिपो मागाल तेवढा देते, त्यामुळे अडकलेल्या मोटरला वाचवणारं मध्ये कोणीच उरत नाही.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. आधी बघायचं, मग मोजायचं, मग फिरवायचं, आणि साफसफाई लागेल तेवढीच. हा क्रम उलटा झाला की चांगली मोटरसुद्धा भंगारात जाते, आणि असल्या बहुतेक मोटर आता बनत नाहीत.

इथे मुख्यतः ब्रशवाल्या मोटरबद्दल लिहितोय, साधारण १९७० ते २००० च्या काळातल्या. सुरुवातीच्या ब्रशलेसबद्दल, म्हणजे कार्बन नसलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर फिरणाऱ्या मोटरबद्दल, थोडं मध्येच येईल.

टप्पा १: काय जमवायचं ते आधी ठरवा

"जुनी मोटर दिसली की घ्यायची" असं केलं तर वर्षभरात ड्रॉवरभर सारख्याच ५४० साइजच्या (हे डब्याचं एक ठरलेलं माप, पुढे येईल) मोटर होतात आणि त्यातली एकही ओळखता येत नाही. ढोबळमानाने चार गट धरा.

एक, पत्र्याच्या डब्यातल्या स्वस्त, फेराइट चुंबकवाल्या मोटर. ग्राउपनर ह्या जर्मन कंपनीची स्पीड ४००, स्पीड ६०० वगैरे, आत बहुतेक जपानच्या माबुची कंपनीचा माल. सुरुवातीला हाच गट घ्या, कारण मिळतात भरपूर आणि हात इथे बसतो.

दोन, कोबाल्ट मोटर, म्हणजे समेरियम-कोबाल्ट चुंबकवाल्या. अमेरिकेतल्या अॅस्ट्रो फ्लाइटच्या ०५, १५, २५, ४०, ६० ह्या सगळ्यात ओळखीच्या, आणि जर्मन बाजूला केलर, गाइस्ट, प्लेटेनबर्ग. अॅस्ट्रोचा नंबर म्हणजे साधारण तेवढ्या साइजच्या ग्लो इंजिनची (मॉडेल विमानाच्या छोट्या इंधनाच्या इंजिनची) बरोबरी, ०५ म्हणजे ०.०५ क्युबिक इंच, ४० म्हणजे ०.४०. ह्या उघडता येतात, कार्बन बदलता येतात, म्हणून दुरुस्तीची आवड असेल तर पैसे इथे घाला.

तीन, कोअरलेस, म्हणजे आर्मेचरला (आतल्या फिरणाऱ्या, तार गुंडाळलेल्या भागाला) लोखंडी गाभाच नसलेल्या छोट्या मोटर. फ्रेड मिलित्कीने ग्राउपनरसाठी केलेल्या सिलेन्शियस मॉडेलमधली गिअरवाली मायक्रोमॅक्स ह्या गटातली. नाजूक, महाग, आणि नवशिक्याने हात न लावलेलाच बरा.

चार, पहिल्या पिढीच्या ब्रशलेस, उदाहरणार्थ एव्हिऑक्स. ह्यांच्या सुरुवातीच्या मोटरमध्ये हॉल सेन्सर (फिरणारं चुंबक कुठे आहे ते कंट्रोलरला सांगणारे) असतात आणि त्याच जातीचा कंट्रोलर नसेल तर मोटर फिरवून बघण्याचा मार्गच बंद होतो. त्यामुळे नियम सोपा: मोटर आणि कंट्रोलर जोडीने मिळत असतील तरच घ्या.

टप्पा २: शोध आणि विक्रेत्याला विचारायचे प्रश्न

माल मुख्यतः जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इथून येतो. आणि चांगला माल कुठे सापडतो, तर चुकीच्या नावाखाली. एखाद्या आजोबांचं सामान नातवंडं विकतात, त्यांना काय माहीत ही विमानाची मोटर आहे, ते "आरसी (रिमोटवरच्या) कार मोटर" किंवा "छोटी डीसी मोटर" असंच लिहितात. म्हणून ब्रँडच्या नावाबरोबर साइजनेही शोधा. ५४० डबा म्हणजे ३६ मिमी व्यास आणि साधारण ५० मिमी लांबी, ३८० डबा म्हणजे जेमतेम २८ मिमी व्यास आणि ३८ मिमी लांबी. फोटोत बाजूला नाणं किंवा पट्टी दिसली तरी अंदाज येतो.

आपल्याकडे पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार इथेही मोटर मिळतात पण अपेक्षा बेताची ठेवा. आरसी गाड्यांतून निघालेल्या ५४० क्वचित दिसतात, बाकी बहुतेक टेपरेकॉर्डर आणि प्रिंटरच्या. टेपरेकॉर्डरच्या मोटरवर माबुचीचं नाव असतं, ते वाचून लोक हरखून जातात. पण त्यात वेग स्थिर ठेवणारं सर्किट आतच बसवलेलं असतं, लेबलवर २४०० आरपीएम असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि विमानाशी तिचा संबंध नाही. लेबलवर ठरावीक वेग छापलेला दिसला की ठेवून द्या.

पैसे देण्याआधी विक्रेत्याला एवढं विचाराच:

शाफ्ट बोटांनी फिरवल्यावर कसा वाटतो, अडकतो का, खरखरतो का. शाफ्टच्या टोकाचा जवळून फोटो. मागच्या बाजूचा, म्हणजे जिथे टर्मिनल आणि कार्बन असतात तिथला, हवेच्या भोकातून कम्युटेटर दिसेल असा फोटो. लेबलचा सरळ फोटो. गिअरबॉक्स असेल तर तो मूळ आहे का. आणि मोटर कधी गाडीत वापरलीये का.

सावधान: विक्रेता कौतुकाने सांगतो, "अजूनही भन्नाट जोरात फिरते." हे ऐकून खूश होऊ नका. फेराइट चुंबक अति करंटने किंवा तापून अशक्त झालं की मोटर रिकामी फिरताना उलट जास्त वेगाने फिरते आणि करंटही जास्त खाते, ताकद मात्र गेलेली असते. खात्री टप्पा ६ मध्ये मोजूनच होईल, पण किंमत ठरवताना हे वाक्य विसरू नका.

पॅकिंगबद्दलही आधीच सांगून ठेवा. मोटर जड आणि शाफ्ट बारीक, खोक्यात सैल राहिली आणि पार्सल शाफ्टच्या बाजूने आपटलं की शाफ्ट वाकला. शाफ्टवर प्लास्टिकच्या नळीचा तुकडा, मग बबल रॅप, मग खोक्यात खोका. जुनी बॅटरी सोबत फुकट देतो म्हणाले तरी नको म्हणा, बॅटरीमुळे पार्सल अडकतं, आणि जुन्या निकॅडमधलं कॅडमियम विषारी असतं ते वेगळंच. इनव्हॉइसवर "वापरलेली मॉडेल मोटर, बॅटरीशिवाय" असं स्पष्ट लिहून घ्या आणि खरी किंमत लिहायला सांगा. कस्टम ड्युटी आणि पोस्टेज धरून हिशोब करा, स्वस्त मोटरला पोस्टेज मोटरपेक्षा जास्त पडतं, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-चार एकत्र घेतलेल्या परवडतात.

टप्पा ३: हत्यारं आणि जागा तयार करा

पार्सल येण्याआधी हे जमवा, आल्यावर नाही.

करंट लिमिट लावता येणारा बेंच पॉवर सप्लाय, ही एकच गोष्ट चांगली घ्या, बाकी सगळं साधं चालेल. मल्टीमीटर, शक्यतो दोन. ऑप्टिकल टॅकोमीटर. भिंग आणि छोटा टॉर्च. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा. मऊ टूथब्रश, इअरबड, आयसोप्रोपिल अल्कोहोल. शिलाई मशीनचं तेल आणि ते सुईने सोडायला इंजेक्शनची सिरिंज. पिनियन पुलर, म्हणजे शाफ्टवरचा छोटा गिअर ओढून काढायचं हत्यार. अॅलन की दोन्ही मापांत, मिमी आणि इंच. अमेरिकन मालाला इंचाच्या कीच लागतात, जवळची मिमीची की "बसतेय की" म्हणून फिरवली की स्क्रूचं भोक गोल होतं आणि मग तो स्क्रू ड्रिलने काढावा लागतो.

टेबलावर स्वच्छ पांढरा कागद किंवा सुती कापड पसरा. ज्या टेबलावर तुम्ही लोखंड घासता, ड्रिल मारता, तिथे मोटर नेऊच नका. लोखंडाचा कीस हवेच्या भोकातून आत ओढला जातो आणि चुंबकाला चिकटून बसतो, कोबाल्ट मोटरमधून तो काढणं महाकठीण. चुंबक आणि आर्मेचरमधली फट एवढी कमी असते की एक कण घासत राहतो.

टप्पा ४: आल्या आल्या फक्त बघा

खोका उघडल्यावर पहिलं काम फोटो. सहाही बाजूंनी, लेबल, टर्मिनल, वायरचे रंग, कपॅसिटर कुठे कसे जोडलेत ते. मूळ खोका, आतला कागद, ऑर्डर नंबर छापलेली पट्टी, सगळं जपा, पुष्कळदा मोटरची ओळख पटवणारी तेवढी एकच गोष्ट असते. स्पीड ४०० चंच बघा, वरचा स्टिकर गेला की ती बाकी कुठल्याही ३८० डब्यासारखीच दिसते.

आता शाफ्ट दोन बोटांनी हळू फिरवा. लोखंडी गाभ्याची मोटर टप्प्याटप्प्याने अडत फिरते, तीन पोलची ठळक झटक्यांनी, जास्त पोलची जरा मऊ. हे चुंबकाचं ओढणं आहे, दोष नाही. कोअरलेस मात्र सलग फिरली पाहिजे, तिच्यात झटका लागला तर काहीतरी घासतंय. खरखर, घासल्याचा आवाज, किंवा एकाच जागी जड होणं हे कोणत्याही मोटरमध्ये वाईट.

शाफ्ट पुढे-मागे ओढून बघा, अर्धा मिमीच्या आतबाहेर हालचाल असतेच. आडवा हलत असेल तर बुश झिजलाय. शाफ्टच्या टोकाजवळ टाचणी धरून हळू फिरवा, फट कमी-जास्त होताना दिसली तर शाफ्ट वाकलाय.

मग टॉर्च मारून भोकातून कम्युटेटर बघा. इथे बहुतेक लोक चुकतात म्हणून नीट सांगतो. एकसारखा तपकिरी, चॉकलेटी रंग म्हणजे कम्युटेटर चांगला आहे. तो थर कार्बनने वापरातून तयार केलेला असतो, त्यामुळे कार्बन कमी झिजतात. तो घासून तांबं चकचकीत करणं म्हणजे चांगली गोष्ट मुद्दाम काढून टाकणं. वाईट काय ते बघा: काळे जळके डाग, एका-दोन पट्ट्यांवरच जास्त काळेपणा, हिरवट बुरशीसारखा थर, किंवा कार्बनने पाडलेली खोल चाकोरी. कार्बनच्या स्प्रिंगही बघा, निळसर झालेली स्प्रिंग म्हणजे मोटर कधीतरी जबर तापलीये आणि स्प्रिंगचा ताण गेलाय.

तपासा: शाफ्ट मोकळा आहे, कम्युटेटरवर हिरवा थर नाही, कार्बन होल्डरमध्ये हलतात. तिन्ही ठीक असेल तरच टप्पा ५. शाफ्ट अडकत असेल तर आधी टप्पा ८ मधलं तेल आणि एक रात्र थांबणं.

सावधान: उत्सुकता म्हणून मोटर उघडू नका. स्पीड ४०० सारख्या डब्याची मागची टोपी पत्र्याचे कान वाकवून बसवलेली असते, कान एकदा सरळ करून परत वाकवले की मुलामा तडकतो आणि दुसऱ्यांदा कान तुटतो. खूप जुन्या मोटरमध्ये अल्निको चुंबक असू शकतं, त्यातून आर्मेचर नुसतं बाहेर काढलं तरी चुंबकाची ताकद कमी होते आणि ती परत मिळवायला पुन्हा मॅग्नेटाइज करावं लागतं. फेराइट आणि कोबाल्टला हा धोका नाही, पण कोबाल्ट ठिसूळ असतं, आर्मेचर परत घालताना निसटून आपटलं की टवका उडतो.

टप्पा ५: वीज न देता मीटर लावा

मल्टीमीटर सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर, एक टोक टर्मिनलला आणि दुसरं मोटरच्या डब्याला. काहीच दाखवायला नको. कपॅसिटर जोडलेले असले तरी आकडा क्षणभर हलून परत ओपन दाखवतो. मेगाओहमच्या खाली स्थिर राहिला तर आत कार्बनची भुकटी साठलीये किंवा वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलंय. भुकटी असेल तर रबरी फुग्याने हवा मारून परत मोजा, बऱ्याचदा तेवढ्याने सुटतं. तसंच टर्मिनल ते शाफ्टही बघा.

आता वाइंडिंगचा रेझिस्टन्स. मल्टीमीटर सरळ टर्मिनलला लावून ओहम वाचणं इथे निरुपयोगी आहे. ह्या मोटरचा रेझिस्टन्स अर्धा ओहम किंवा त्याहून कमी, आणि मीटरच्या वायरचाच पाव ओहम निघतो. योग्य पद्धत अशी: पॉवर सप्लायला करंट लिमिट १ अँपिअर लावा, व्होल्टेज एक-दीड व्होल्ट, शाफ्ट बोटांत घट्ट धरा म्हणजे फिरणार नाही, आणि दुसऱ्या मीटरने थेट मोटरच्या टर्मिनलवर मिलिव्होल्ट वाचा. १ अँपिअरला ३०० मिलिव्होल्ट आले तर रेझिस्टन्स ०.३ ओहम. दोन-तीन सेकंदच. मग शाफ्ट थोडा फिरवून परत. असं पूर्ण एका फेरीत आठ-दहा ठिकाणी वाचन घ्या आणि लिहून ठेवा.

आकडे थोडे खाली-वर होणारच, कार्बन दोन पट्ट्यांवर एकदम टेकला की कमी येतात. पण एखाद्याच जागी दुप्पट-तिप्पट झाला किंवा एकदम ओपन दाखवलं, तर एकतर त्या पट्टीवर घाण आहे किंवा कॉइलची तार सुटलीये. साफ केल्यावरही तसंच राहिलं तर ती मोटर आता फक्त कपाटात ठेवायची, चालवायची नाही.

कोअरलेसला १ अँपिअर देऊ नका, ०.१ पुरे. तिच्यात उष्णता शोषायला लोखंड नाही, वाइंडिंग नुसतं चिकटवून उभं केलेलं असतं आणि तापलं की चिकटवण मऊ होऊन आकार बिघडतो.

टप्पा ६: चुंबकाची तब्येत

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात आणि मला विचाराल तर मोटरची खरी किंमत इथेच कळते.

मोटर फिरवली की ती जनरेटर होते. तिचा शाफ्ट सिलिकॉन नळीच्या तुकड्याने ड्रिल मशीनला जोडा. थेट चकमध्ये शाफ्ट आवळू नका, ओरखडे पडतात. ड्रिल एका वेगावर चालू ठेवा, टॅकोमीटरने आरपीएम बघा, मल्टीमीटरने मोटरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्ट बघा. आरपीएम भागिले व्होल्ट, झाला केव्ही. १,२०० आरपीएमला ०.५ व्होल्ट आले तर दर व्होल्टला २,४०० फेऱ्या.

ह्याचे दोन उपयोग. पहिला, ओळख पटवायला. स्पीड ४०० ची ६ व्होल्टवाली साधारण ३,००० च्या जवळ जाते, ७.२ वाली २,३००-२,४०० च्या आसपास, त्यामुळे स्टिकर गेलेला असला तरी कुठली ते कळतं आणि दुसऱ्याच मोटरचा स्टिकर चिकटवलेला असेल तर तेही उघड होतं. दुसरा, चुंबकासाठी. तुमच्याकडे त्याच मॉडेलच्या दोन-तीन मोटर असतील आणि एकीचा केव्ही बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त आला, तर तिचं चुंबक अशक्त झालंय असं धरून चला. कोबाल्टमध्ये हे क्वचित, फेराइटमध्ये नेहमीचं, त्यातही गाडीत किंवा मोठ्या प्रॉपवर (विमानाच्या पंख्यावर) पिदडलेल्या मोटरमध्ये हमखास.

तपासा: ड्रिल उलटं फिरवा. व्होल्ट तेवढेच यायला पाहिजेत, फक्त प्लस-मायनस उलटे. आकडा नाचत असेल तर कार्बन नीट टेकत नाहीत.

टप्पा ७: पहिल्यांदा वीज

थांबा, आधी एक निर्णय. मोटर कधीच न चालवलेली, खोक्यातली कोरी आहे का? असेल तर चालवूच नका. कार्बनचं टोक सपाट आणि कम्युटेटर तांब्याच्या रंगाचा असणं हीच तिची किंमत, एकदा फिरवली की ती कोरी राहत नाही. टप्पा ५ ची मोजणी पुरेशी आहे, टप्पा ६ सुद्धा तिच्यासाठी सोडा.

वापरलेली असेल तर असं करा. प्रॉप काढलेला, गिअरबॉक्स शक्य असेल तर सुटा, मोटर लाकडी ठोकळ्यावर कापडाच्या पट्टीने बांधलेली. डब्यावर शिकंजा आवळू नका, पत्रा दबला तर आर्मेचर चुंबकाला घासतं. करंट लिमिट २ अँपिअर. व्होल्टेज शून्यावरून हळूहळू वर. ७.२ व्होल्टच्या मोटरला २ ते अडीच व्होल्टच्या पुढे पहिल्या दिवशी जायचंच नाही.

कम्युटेटरकडे अंधारात बघा. बारीक निळसर ठिणग्या चालतील, पिवळ्या लांब ठिणग्या किंवा सगळीकडून फिरणारं ठिणग्यांचं कडं दिसलं की लगेच बंद. पाच मिनिटं चालवा, हात लावून बघा, थंड होऊ द्या, परत पाच मिनिटं. करंटचा आकडा दर वेळी लिहा. पहिल्या काही फेऱ्यांत तो हळूहळू खाली येऊन एका जागी थांबला तर मोटर सुधारतेय. वर चढत गेला तर बुश कोरडे आहेत, बंद करून टप्पा ८.

मग दिशा बदलून त्याच व्होल्टेजला फेऱ्या मोजा. दोन्हीकडे सारख्या आल्या तर टायमिंग, म्हणजे चुंबकांच्या मानाने कार्बनची जागा, मधोमध आहे. एका बाजूला स्पष्ट जास्त आल्या तर त्या दिशेसाठी टायमिंग पुढे सरकवलेलं आहे, आणि मोटर त्याच दिशेने चालवायची. गिअरवाल्या मोटर इथे फसवतात, एकाच जोडीचे दात असले की मोटर उलटी फिरते तेव्हा प्रॉप सरळ फिरतो, म्हणून तिचं टायमिंग उलट्या दिशेचं असतं. गिअरबॉक्स काढून तीच मोटर सरळ वापरली की ठिणग्या उडतात आणि मग लोक म्हणतात मोटर खराब निघाली.

सावधान: मोटर पाण्यात बुडवून कार्बन बसवायची एक जुनी युक्ती अजून फिरतेय. गाडीच्या रेसवाल्यांना ती चालायची कारण त्यांची मोटर एका सीझनची. जमवायच्या मोटरला पाणी दाखवू नका, आत गंज धरतो आणि बुशमधलं तेल निघून जातं.

टप्पा ८: साफसफाई आणि तेल, लागेल तेवढंच

क्रम असा. आधी रबरी फुग्याने कोरडी हवा. मग कोरडा मऊ ब्रश. मग गरज असेल तरच अल्कोहोल, तेही इअरबडवर घेऊन पिळून, फक्त कम्युटेटरला, शाफ्ट हाताने फिरवत. लेबलच्या जवळ अल्कोहोल नेऊ नका, जुनी छपाई आणि गोंद दोन्ही जातात. मोठ्या कॉम्प्रेसरची हवा नको, विशेषतः कोअरलेसमध्ये, तिथले ब्रश केसासारखे बारीक असतात आणि वाकले की संपलं.

कम्युटेटर खरंच जळका असेल आणि मोटर उघडता येणारी असेल, तर आधी टोपी आणि डबा दोन्हींवर मिळून पेन्सिलची रेघ मारा, म्हणजे टायमिंग परत तिथेच बसेल. मगच स्क्रू सैल करा. काळा एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण तांब्यात रुततात आणि मग कार्बन खात बसतात. खोल चाकोरी असेल तर छोट्या लेथवर हलका कट आणि नंतर पट्ट्यांमधल्या फटी साफ, हे करणारा माहितीचा माणूस नसेल तर राहू द्या. मोठ्या मोटर रिवाइंड करणाऱ्या दुकानात नेली तर ते लोक चांगल्या मनाने करतात पण त्यांच्या हाताला एवढ्या छोट्या मापाची सवय नसते.

तेल: बुशवाल्या मोटरला दोन्ही टोकांना सुईने एकेक थेंब शिलाई मशीनचं तेल, शाफ्ट उभा धरून फिरवा, जास्तीचं टिपून घ्या. गंज काढायचे स्प्रे आत मारू नका, ते पसरून कम्युटेटरवर जातात, कार्बनची भुकटी आणि तेल मिळून काळा चिखल होतो आणि नंतर वाळून चिकट बसतो. कोअरलेसच्या ब्रशना तेलाचा वासही नको.

शाफ्टवरचा जुना प्रॉप किंवा पिनियन काढताना हातोडी नाही म्हणजे नाही. स्पीड ४०० च्या २.३ मिमी शाफ्टवर ग्युंटर कंपनीचा प्रॉप नुसता दाबून बसवलेला असतो, ५४० आणि ६०० ला ३.१७ मिमी शाफ्टवर पितळी पिनियन, दोन्हीला पुलर. ठोकलं की मार थेट मागच्या बुशवर आणि प्लास्टिकच्या टोपीवर जातो. आणि तो जुना प्लास्टिकचा प्रॉप परत मोटरवर लावून फिरवू नका, प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, जपून ठेवा. प्रॉप लावून बघायचंच असेल तर त्याच मापाचा नवा घ्या, डोळ्यांवर चष्मा, आणि प्रॉपच्या रेषेत न उभं राहता मागे.

वायर बदलायच्या असतील तर मोठ्या टोकाची, नीट तापलेली सोल्डर गन आणि दोन-तीन सेकंदांत काम. बारीक टोकाने रेंगाळत बसलात तर टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक वितळतं आणि कार्बन होल्डर तिरका होतो. मूळ कपॅसिटर काढू नका.

डब्यावरच्या गंजाला तेलाचा कपडा, बस. घासकागद मारून चकचकीत केलेली मोटर जमवणाऱ्यांना नको असते.

टप्पा ९: ठेवायचं कसं, विशेषतः आपल्या पावसाळ्यात

युरोपातल्या लोकांचे सल्ले इथे अर्धेच कामाचे. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर उघड्या कपाटात ठेवलेल्या मोटरचा शाफ्ट आणि डब्याची कड गंजणार म्हणजे गंजणार. शाफ्टवर तेलाचं बोट फिरवा, प्रत्येक मोटर वेगळ्या झिप पिशवीत, आणि सगळ्या पिशव्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. रंग बदलणारी सिलिका घ्या म्हणजे कधी वाळवायची ते दिसतं, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी बघा.

स्पंजमध्ये खाचे करून मोटर बसवलेल्या फोटोत छान दिसतात, पण स्पंज काही वर्षांनी चिकट होऊन विरघळतो आणि लेबलला चिकटतो. रबर बँडही नको, रबरातल्या गंधकाने तांबं काळं पडतं. साधा सुती कपडा किंवा खोक्याचा कागद चांगला. स्प्रिंग बाहेरून उचलता येत असतील तर लांबच्या मुक्कामासाठी कार्बनवरचा ताण काढून ठेवा.

विमानासकट मोटर मिळाली असेल आणि आत जुना निकॅड पॅक असेल, तर तो आधी काढा. पांढरी पावडर बाहेर आलेली असेल तर हातमोजे घाला, आणि पॅक घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांना द्या.

टप्पा १०: वहीत काय लिहायचं

प्रत्येक मोटरला एक नंबर, तो पिशवीवर लिहा, मोटरवर नाही. वहीत: कुठून आली, कधी, लेबलवर काय आहे, सोबत काय मिळालं. मग रेझिस्टन्सची सरासरी आणि सगळ्यात जास्त वाचन. केव्ही. रिकाम्या मोटरचा करंट, आणि तो किती व्होल्टला. हा व्होल्टेज सगळ्या मोटरला एकच ठेवा, २ तर २, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. कार्बनची उरलेली लांबी मोजता येत असेल तर ती. फिरण्याची दिशा. आणि तुम्ही काय काय केलंत, तेल घातलं का, कार्बन बदलले का, कुठल्या मोटरचे घातले.

हे शेवटचं लिहायचा कंटाळा करू नका. पुढे मोटर विकली किंवा कोणाला दिली तर घेणाऱ्याला मूळ काय आणि नंतरचं काय हे कळलं पाहिजे, आणि तुमच्याच कपाटातली तिसरी-चौथी सारखी मोटर आली की तुलना करायला हेच आकडे लागतात. दर वर्षी पावसाळा संपल्यावर प्रत्येक मोटर एकदा हाताने फिरवून, रेझिस्टन्स परत मोजून जुन्या आकड्याच्या शेजारी लिहा. वाढलेला दिसला तर आधी कम्युटेटर बघा, बहुतेक वेळा तिथेच काहीतरी धरलेलं असतं आणि एका इअरबडमध्ये सुटतं.